तूच लिहून आण

९ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. तब्येत कशी आहे असं विचारत नाही. मागच्या खेपेला विचारलं तर ‘तू काय डॉक्टर आहेस का’ असं उत्तर आलं होतं.

काल विद्यापीठात आम्हा विज्ञानवाल्यांसाठी ‘संधी मेळावा’ भरला होता. मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे एक टाय आणि एक हसू. पहिलं टेबल विमा कंपनीचं. त्यांना विज्ञानाचेच विद्यार्थी हवेत, कारण आमची बुद्धी म्हणे विश्लेषक असते. त्या बुद्धीने आम्ही घरोघर फिरून लोकांच्या गळ्यात पॉलिसी मारायच्या. दुसरं टेबल एका क्लासचं, तिथे क्लासच्या प्रवेशपरीक्षेचाही क्लास होता. तिसऱ्या टेबलाशी प्रयोगशाळेत लागणारी उंच स्टुलं विकणारा माणूस बसला होता. तो चुकून आला असावा, पण सगळ्यात जास्त गर्दी त्याच्याकडेच होती, कारण तिथे बसायला मिळत होतं. शेवटी एक प्रेरक वक्ता आला आणि ‘पाण्यासारखे व्हा’ म्हणाला. पाणी शंभर अंशांना उकळतं यापलीकडे त्याला पाण्याबद्दल काही माहीत असेल असं वाटलं नाही. जाताना सगळ्यांना फुकट पेन दिलं. माझं बसमध्येच गळायला लागलं.

या सगळ्या कचऱ्यात एकच खरी गोष्ट होती, तीही हॉलमध्ये नाही, बाहेरच्या फळ्यावर. एका मोठ्या संशोधन संस्थेची सूचना. उन्हाळ्यात दोन महिने त्यांच्या प्रयोगशाळेत काम, खऱ्या यंत्रांवर, खऱ्या प्रश्नावर. काम आवडलं तर पुढच्या शिक्षणाची वाट तिथेच उघडते. आत्या, मला हे हवं आहे. आमच्या विभागात एकुलतं एक मोठं यंत्र आहे, ते कापडाखाली झाकलेलं असतं. तपासणीचे लोक आले की कापड काढतात, गेले की घालतात. तीन वर्षांत मी ते यंत्र कमी आणि कापड जास्त पाहिलं आहे. आणि बाबांनी तर स्पष्टच सांगितलंय: ही जागा मिळाली तर पुढे शीक, नाहीतर जूनपासून त्यांच्या मित्राच्या औषधांच्या गोदामात बसायचं. तिथे रसायनशास्त्र म्हणजे खोक्यावर काय छापलंय ते वाचणं.

अर्जाला विभागप्रमुखांचं शिफारसपत्र लागतं. आमच्या प्रमुखांना सगळे शिक्कामोर्तब म्हणतात. मी केबिनमध्ये गेले तर मान वर न करता म्हणाले, “तूच लिहून आण गं, मी सही करतो.” इथे सगळ्यांना असंच सांगतात. तशी रीतच आहे. आमच्या वर्गात आता स्वतःची स्तुती करायची स्पर्धा लागली आहे.

मीही लिहिलं. सोबत जोडलंय. स्वतःला ‘विनम्र आणि तेजस्वी’ म्हणताना मलाच कसंतरी झालं. तू रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा चालवतेस, हाताखाली माणसं घेतेस, अशी पत्रं तुझ्याकडे ढिगाने येत असतील. जरा हात फिरवून दे ना.

तुझी,
ठकू


१७ जानेवारी

चि. ठकूस,

आशीर्वाद. तुझं ते जोडपत्र मी वाचलं आणि कचऱ्यात टाकलं. दुसऱ्यांदा पाठवायचे कष्ट घेऊ नकोस.

‘वीस वर्षांच्या अध्यापनात अशी विद्यार्थिनी पाहिली नाही.’ हे वाक्य तू कुठून उचललंस? ते मला तोंडपाठ आहे. दरवर्षी माझ्याकडे वीस वर्षांतले सर्वोत्तम विद्यार्थी येतात आणि त्यातल्या निम्म्यांना पिपेट तोंडाने ओढायची नसते एवढंही माहीत नसतं. एकाच्या पत्रात त्याला ‘जन्मजात शास्त्रज्ञ’ म्हटलं होतं. त्या जन्मजात शास्त्रज्ञाने पहिल्याच आठवड्यात रंग पातळ करायच्या थिनरचा डबा उघडा ठेवला आणि त्याशेजारी बसून जेवला.

स्वतःचं प्रशस्तिपत्र स्वतः लिहायचं, त्याखाली दुसऱ्याने डोळे मिटून सही ठोकायची, आणि याला तुम्ही रीत म्हणता! आमच्याकडे ओल्या भिंतीवर वरून रंग मारणारे कंत्राटदार असतात. पहिला पाऊस झाला की पापुद्रे. तुमच्या विभागाची जातकुळी तीच दिसते.

उद्याच्या उद्या त्या माणसाकडे जा. सांग, “सर, पत्र तुम्ही लिहा. मी बाहेर थांबते.” त्याला तुझ्याबद्दल लिहिण्यासारखं काही सुचलं तर छान. नाही सुचलं तर तेही कागदावर येऊ दे. खोटं मोठं पत्र पाठवण्यापेक्षा खरं छोटं पाठव.

आणखी एक. या उन्हाळी कामाबद्दल माझ्याकडून यापुढे शब्द मिळणार नाही. का, ते विचारू नकोस. दादाला सांग, मुलीला गोदामात बसवायचंच होतं तर तीन वर्षं फी कशाला भरलीस.

आत्या


२९ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं ऐकलं. आता निस्तर.

शिक्कामोर्तबांच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर सह्यांची चळत, शेजारी शाईची गादी आणि तीन शिक्के. म्हटलं, “सर, माझं पत्र तुम्ही स्वतः लिहाल का?”

त्यांनी चष्मा काढला. “का? तुला लिहिता येत नाही?”

“येतं. पण शिफारस तुमची आहे ना, सर.”

“आजपर्यंत मला असं कुणी सांगितलेलं नाही.”

“म्हणून तर विचारतेय.”

मग त्यांनी कागद ओढला आणि विचारात पडले. नाव विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मधे कुणाचा तरी फोन आला, तो ठेवल्यावर तिसऱ्यांदा विचारलं. एवढ्या मेहनतीनंतर जे हाती आलं ते असं: ‘सदर विद्यार्थिनी या विभागात शिकते. तिची हजेरी समाधानकारक आहे. तिला शुभेच्छा.’ त्यावर मात्र तिन्ही शिक्के मारले.

बाहेर माझी मैत्रीण घारी उभी होती. पहिल्या वर्षापासून प्रॅक्टिकलला आम्ही एकाच टेबलावर, तू तिला घरी पाहिलंयस. तिने पत्र वाचलं आणि तोंडाला हात लावला. तिने आणि आणखी नऊ जणांनी मिळून एकच मस्त पत्र तयार केलंय, फक्त नावं बदलायची. त्यात ‘प्रयोग फसला तर याला अन्न गोड लागत नाही’ असंही एक वाक्य आहे. आमच्या वर्गात प्रयोग फसला की सगळे कँटीनलाच जातात, ती गोष्ट वेगळी. घारी म्हणाली, “चल, तुझंही नाव टाकते. एवढं काय नाकाने कांदे सोलतेस?”

मी नाही म्हटलं आणि ते तीन वाक्यांचं पत्र जोडून अर्ज पाठवला. दिवसभर स्वतःचा राग येत होता, संध्याकाळपासून तुझा यायला लागला. तुला तिथे बसून तत्त्वं सांगायला काय जातंय? तुझी नोकरी पक्की आहे. बाबा म्हणाले, “आत्याच्या नादी लागलीस, आता भोग.” गोदामवाल्या काकांनी मला खुर्चीसुद्धा दाखवून ठेवली आहे. तिचा एक हात मोडका आहे.

ठकू


६ फेब्रुवारी

चि. ठकूस,

पत्र मिळालं. केलंस ते बरोबर केलंस. निकाल लागेपर्यंत मला लिहू नकोस. मीही लिहिणार नाही.

आत्या


२ एप्रिल

प्रिय आत्या,

तू ‘लिहू नकोस’ म्हणालीस म्हणून दोन महिने तोंड शिवून बसले. वाटलं, भाचीची कटकट नको असेल. आता मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी चांगली बातमी. मला मुलाखतीला बोलावलं! आमच्या विभागातून फक्त मला. निवड समितीच्या अध्यक्ष एक बाई होत्या, केस आखूड, आवाज करडा. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “तुमच्या सरांनी तुमच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. असं पत्र का जोडलंत?”

“कारण ते त्यांनी स्वतः लिहिलंय,” मी म्हटलं. “ते मला ओळखत नाहीत. मग दुसरं काय लिहिणार?”

बाईंच्या शेजारचे गृहस्थ खोकल्याच्या निमित्ताने हसले. मग बाईंनी मी स्वतः काय केलंय ते विचारलं. मी वसतिगृहाच्या नळांचं सांगितलं. बादल्यांवर पांढरा थर धरतो, म्हणून मी प्रत्येक मजल्यावरचं पाणी आणून त्यातला क्षार मोजला होता. सगळे आकडे सारखे, फक्त एका मजल्याचा वेगळा, आणि कितीदा मोजला तरी वेगळाच. बाईंनी विचारलं, “का वेगळा?” मी म्हटलं, “अजून कळलेलं नाही. टाकी एकच आहे, पाइप एकच आहे. म्हणून तो आकडा तसाच ठेवलाय.” मला वाटलं, झालं, गेलं. पण बाईंनी वही पुढे ओढली आणि मला पाइपांचा नकाशा काढायला लावला. आम्ही त्या एका आकड्यावर एवढा वेळ बोललो की बाहेरच्या मुलांची चुळबुळ आत ऐकू यायला लागली. आठवड्याने पत्र आलं. निवड झाली!

आता वाईट बातमी. संस्थेने आमच्या विद्यापीठाला कळवलं की एकाच माणसाच्या सहीची दहा पत्रं आली आहेत, अक्षरशः एकसारखी, आणि दहाही जण वीस वर्षांतले सर्वोत्तम आहेत. दहाही अर्ज बाद. इथे हलकल्लोळ झाला. शिक्कामोर्तबांनी लगेच कानांवर हात ठेवले. म्हणाले, “मुलांनी हजेरीच्या कागदांत पत्रं घुसवून माझी सही घेतली. मला काही माहीत नाही.” चौकशी लागली आहे. गुन्हा सिद्ध झाला तर दहाही जणांना परीक्षेला बसू देणार नाहीत. घारीचं वर्ष जाईल. तिच्या घरी तुला माहीत आहे, आणखी एक वर्ष कुणी शिकवणार नाही.

चौकशी समितीने मला साक्षीला बोलावलंय, कारण माझं पत्र वेगळं होतं. ‘लिहून आणायला सर स्वतःच सांगतात’ हे मी खरं खरं सांगितलं तर मुलं वाचतील. पण उन्हाळ्यात संस्थेत जायला विभागप्रमुखांचं परवानगीपत्र लागतं. ते कोण देणार, सांग बघू.

आत्या, मी काय करू? या वेळी तरी सरळ उत्तर दे.

ठकू


८ एप्रिल

चि. ठकूस,

सरळ उत्तर मागितलंस, घे.

साक्षीला जा, आणि विचारतील तेवढंच बोल. तुझं पत्र सरांनी लिहिलं, ते तू जोडलंस, बास. इतरांचं मला ठाऊक नाही म्हण. परवानगी घे आणि तिकडे जा. तिथे जे शिकशील ते तुझ्या त्या विभागात दहा वर्षं कापड झटकून मिळणार नाही.

त्या दहांची मला कीव येत नाही. ज्यांना स्वतःबद्दल चार ओळीसुद्धा स्वतःच्या लिहिता येत नाहीत, ते प्रयोगशाळेत जाऊन काय करणार होते? दुसऱ्याचे आकडेच उतरवणार. अशी माणसं मी पगारावर ठेवून पाहिली आहेत. घारीला प्रयोग फसल्यावर अन्न गोड लागत नाही म्हणे! तिला मी तुमच्या घरी जेवताना पाहिलं आहे.

आता तुला सांगायला हरकत नाही. मी त्या निवड समितीवर होते, बाहेरची तज्ज्ञ म्हणून. तू अर्ज करते आहेस म्हटल्यावर अध्यक्षांना नातं सांगितलं, आणि तुझा अर्ज निघाला की मी उठून बाहेर जायचे. तुझ्याबद्दल कुणाशी एक शब्द बोलले नाही. पण ती दहा पत्रं पकडली मी. टेबलावर एकाखाली एक मांडली आणि इतरांना उठून बघायला लावलं. फार दिवसांनी इतकी मजा आली.

तुझी जागा तू मिळवली आहेस. ती त्या कळपासाठी घालवू नकोस.

आत्या


२६ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा विश्वास बसला नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा बसला म्हणून.

तू दहा पत्रं पकडलीस, तीही मीच तुला सांगितलेली. शाब्बास. आणि त्या दहांखाली ज्याची सही होती तो? तो नाही दिसला तुला? ‘तूच लिहून आण’ असं शिक्कामोर्तब सगळ्यांना सांगतात, हे मी तुला जानेवारीतच लिहिलं होतं. समितीत एकट्या तुला ते ठाऊक होतं. तू मूग गिळून बसलीस आणि मुलांची गंमत बघितलीस! मुलं नकलाकार आहेत, मान्य. पण नक्कल करायला लावणारा माणूस केबिनमध्ये बसून शिक्के मारतोय आणि तुझ्या तोंडून त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. मोठ्या माणसाला मोठं माणूस बोलत नाही, एवढंच तुझं तत्त्व दिसतंय. मला वाटलं होतं तू सगळ्यांनाच तुच्छ मानतेस. तू फक्त लहानांनाच तुच्छ मानतेस.

मी साक्ष दिली. सगळं सांगितलं. शिक्कामोर्तब समोरच बसले होते, मी त्यांच्याकडे बघून बोलले.

आता पुढचं ऐक, म्हणजे तुझी आणखी करमणूक होईल. आदल्या दिवशी त्यांनी दहाही जणांना केबिनमध्ये बोलावलं होतं. ‘आम्ही सरांना न सांगता हे केलं’ असं लिहून द्या, मी ताकीद देऊन मिटवतो, असं ठरलं. दहाही जणांनी लिहून दिलं, घारीनेसुद्धा. म्हणजे ज्यांच्यासाठी मी बोलले, त्यांनीच मला खोटं पाडलं. मुलं सुटली, सर धुतल्या तांदळासारखे, आणि खोटारडी एकटी मी. परवानगी नाकारली. ऑफिसातल्या बाईंनी खिडकीतून माझा कागद परत ढकलला, त्यावर ‘शिस्तभंग’ असा शेरा.

घारी कॉरिडॉरमध्ये समोरून आली की फळ्याकडे बघत जाते. मी तिला एकदाच अडवलं. म्हणाली, “मला भीती वाटली गं. तू का मधे पडलीस?” मला तिची घृणा वाटली, आणि मग खूप रडू आलं.

आणि त्यावर कळस म्हणजे विद्यापीठाने नवा संधी कक्ष काढलाय. त्याचे प्रमुख कोण असतील, ओळख.

मला उत्तर लिहू नकोस.

ठकू


३ मे

चि. ठकूस,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते. मी तुझ्या बापाचंही कधी ऐकलं नाही.

मी चुकले. हे वाक्य माझ्या हातून फार क्वचित बाहेर पडतं, तेव्हा हा कागद जपून ठेव. तुझं जानेवारीचं पत्र माझ्या खणात होतं आणि मी समितीत तोंड उघडलं नाही. मुलांना हसणं सोपं होतं. प्रमुखाचं नाव काढलं असतं तर चर्चा, खुलासे, विद्यापीठाशी संबंध, आणि पुढच्या वर्षी मला कुणी बोलावलं नसतं. एवढ्याशा मानासाठी मी गप्प राहिले. तू लिहिलंस ते झोंबलं, कारण ते खरं आहे.

तुझं पत्र मिळताच मी अध्यक्षांना लेखी तक्रार दिली. पाच ओळींची, त्या प्रमुखाच्या नावानिशी. त्या म्हणाल्या, “माझा विश्वास आहे, पण दहा मुलांनी उलट लिहून दिलंय. माझ्याकडे कागद नाही.” त्या तुला विसरलेल्या नाहीत. तुझ्या त्या विचित्र नळाबद्दल त्यांनी माझ्याकडे चौकशी केली. त्यांनी तुझी जागा मेअखेरपर्यंत रिकामी ठेवली आहे. विभागप्रमुखाच्या सहीचं पत्र आलं तर घेऊ म्हणतात. ते येणार नाही हे त्यांनाही माहीत आहे. पण तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही, एकदा गप्प बसून पाहिलंय.

आत्या


१६ मे

प्रिय आत्या,

अजून रागावलेली आहे. पण तुझ्याशिवाय हे सांगायला कुणी नाही.

काल शेवटच्या वर्षाच्या मुलांना सह्यांसाठी बोलावलं होतं. चांगल्या वर्तणुकीचे दाखले, परवानग्या, काय काय. शिक्कामोर्तबांच्या केबिनबाहेर रांग. मीही उभी राहिले. आत गेले तर टेबलावर अभिनंदनाची फुलं, ते फोनवर, कुणाला तरी ‘विद्यार्थ्यांमधील प्रामाणिकपणा’ या विषयावर शिबिर घ्यायला सांगत होते. आत्या, चौकशीत मी या माणसासमोर उभी राहून अर्धा तास बोलले आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “कुठल्या वर्गात तू?”

मी म्हटलं, “शेवटच्या. उन्हाळी कामाच्या परवानगीचं पत्र हवं होतं, सर.”

“मग लिहून आण ना. मी सही करतो.”

त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात काहीही नव्हतं, शपथ. मी ‘बरं’ म्हटलं, वाचनालयात गेले आणि लिहिलं. पत्र पुढे देते, एक अक्षरही खोटं नाही:

‘प्रति, निवड समिती. मी या विभागाचा प्रमुख आहे. ही विद्यार्थिनी तीन वर्षं माझ्या विभागात शिकत आहे. मी तिला ओळखत नाही. विद्यार्थ्यांची शिफारसपत्रं मी लिहीत नाही, ती त्यांनाच लिहून आणायला सांगतो आणि न वाचता सही करतो. आपल्याकडे आलेली दहा पत्रं मुलांनी माझ्याच सांगण्यावरून लिहिली होती. हे पत्रही या विद्यार्थिनीनेच लिहिलं आहे. सही करण्याआधी ते वाचावं, असं तिने मला दोनदा सांगितलं. तिने उन्हाळ्यात आपल्या संस्थेत काम करण्यास विभागाची हरकत नाही.’

‘दोनदा सांगितलं’ असं लिहून बसले होते, त्यामुळे ते खरं करणं भाग होतं. पत्र समोर ठेवलं आणि म्हटलं, “सर, वाचून घ्या.” त्यांनी पेन उघडलं. मी पुन्हा म्हटलं, “सर, सही करण्याआधी एकदा वाचा.” रांगेतल्या मुलांनीही ऐकलं. घारी माझ्या मागेच उभी होती. ते म्हणाले, “अगं, मला वाचायला कुठे वेळ आहे?” सही केली, तीन शिक्के मारले आणि ओरडले, “पुढचा!”

हातात कागद घेऊन मी बाहेर आले. घारीने माझ्या खांद्यावरून वाचलं होतं. तिला एक हाक मारून सरांना सांगता आलं असतं. ती काही बोलली नाही. मला तिला माफ करायचंय की नाही ते अजून ठरत नाहीये.

मूळ पत्र आज टपालाने अध्यक्षांना पाठवलं. हे चुकलं असेल तर तुझ्याकडून ऐकायला तयार आहे. गोदामातली खुर्ची तशीही वाट बघतेय.

ठकू


२७ मे

चि. ठकूस,

आधी कामाचं. एक जूनला सकाळी नऊ वाजता संस्थेत हजर व्हायचं. पांढरा कोट स्वतःचा न्यायचा, बुटांतून पुढे बोटं दिसायला नकोत. दादाला मी फोन केला आहे. तो आधी चिडला, मग म्हणाला, “पत्र वाचून दाखव.” दोनदा वाचायला लावलं. गोदामवाल्याला तोच कळवणार आहे.

दहा मुलांचं प्रकरण संस्था कुलगुरूंकडे पाठवते आहे, या वेळी प्रमुखाच्या सहीसकट. त्या मुलांना मी काही डोक्यावर घेणार नाही. घारीचं काय करायचं ते तुझं तू बघ. पण ती गप्प राहिली, हे मी लक्षात ठेवलंय.

मी फार थोड्या माणसांना मानते, तुला माहीत आहे. तुला मानते. तुझा मला अभिमान वाटतो आणि थोडी भीतीही वाटते.

चुकलं का, असं विचारलंस. मी काही ठरवत नाही, काय झालं ते ऐक. तक्रार माझी होती म्हणून अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. पत्र टेबलावर होतं. अध्यक्षांशेजारच्या त्या खोकणाऱ्या गृहस्थांना शंका, सही खोटी असेल तर? अध्यक्ष म्हणाल्या, प्रमुखांनाच विचारू. फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. तुझं नाव आणि पत्राची तारीख सांगितली, आणि विचारलं, हे पत्र तुमचंच ना, तुम्ही वाचून सही केली आहे ना?

“अर्थात,” तुझे शिक्कामोर्तब म्हणाले. आवाजात नवीन कक्षाचं वजन होतं. “मी न वाचता कशावरही सही करत नाही. फार गुणी मुलगी. मी स्वतः बसून लिहिलंय, शब्दन् शब्द माझा.”

“मग ठीक आहे,” अध्यक्ष म्हणाल्या. “नोंदीसाठी एकदा वाचून दाखवते.” आणि त्यांनी वाचलं, सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर थांबत. दहा पत्रांच्या वाक्याला त्या जरा जास्तच थांबल्या. शेवटची ओळ झाल्यावर त्याने विचारलं, “ही मुलगी कोण?”

“ती आता आमच्याकडे आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

तुझी,
आत्या